मानोरा बसलं!

आमच्या पतसंस्थेत तीन सर्व्हर आहेत. त्यांची नावं रिसोड, मानोरा आणि कारंजा. ही नावं मी ठेवली. पुढे जे झालं त्याचं मूळ इथं आहे, हे आता संचालक मंडळापासून चहावाल्यापर्यंत सगळे मान्य करतात. मीही करतो, पण जरा हळू आवाजात.

यंत्रं बसवून द्यायला पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला होता, “नोड एक, नोड दोन, नोड तीन ठेवू.” मला ते कैद्यांच्या बिल्ल्यांसारखं वाटलं. आपल्या शाखा रिसोडला, मानोऱ्याला आणि कारंज्याला आहेत. तीच नावं दिली तर जिव्हाळा राहील. शिवाय वाशीम जिल्ह्यात तालुके सहा. उद्या संस्था वाढली तरी मालेगाव, मंगरूळपीर आणि खुद्द वाशीम शिल्लक होतेच. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, दूरदृष्टी पाहून थक्क झाला.

मी संस्थेचा संगणक विभाग आहे. विभागात आणखी कोणी नाही. नेमणूक लिपिक म्हणून झाली होती, पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता ओढून काढला आणि तेव्हाचे व्यवस्थापक सगळ्यांदेखत म्हणाले, “तुम्हाले समजते यातलं.” सहकार क्षेत्रात एवढ्या एका वाक्यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

आता हे तीन सर्व्हर कशाला? तर ग्लस्टर नावाची एक प्रणाली आहे. ती एकच फाइल तीन यंत्रांवर लिहिते आणि बघणाऱ्याला मात्र एकच दाखवते. आमची आजी पैसे तीन जागी ठेवायची: पत्र्याच्या पेटीत, गव्हाच्या कोठीत आणि पदराच्या गाठीला. एक जागा उंदरांनी लुटली तरी दोन राहायच्या. ग्लस्टरचा हिशेब तोच. फक्त तिन्ही जागी तेच पैसे, आणि उंदराच्या जागी मी.

या प्रणालीचं बरंचसं काम बंगळुरूत झालं. २०११ मध्ये रेड हॅट या अमेरिकी कंपनीनं सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर मोजून ग्लस्टर ही कंपनीच विकत घेतली. ही रक्कम मी सभेत अभिमानानं सांगितली तेव्हा एक संचालक डोळे बारीक करून म्हणाले, “मंग आपल्याले फुकट काऊन देऊन राह्यले? काहीतरी गोम हाय यात.” गोम होती. ती खुर्चीवर बसून ही माहिती देत होती.

ग्लस्टरच्या भाषेत फाइल जिथं राहते त्या जागेला ‘ब्रिक’ म्हणतात. म्हणजे वीट. मराठीत ती वीट देवाच्या पायाखाली असते आणि तो वीट माणसाला येतो. दोघांत फरक फक्त लिंगाचा. मला एकीकडून दुसऱ्याकडे पोचायला दोन दिवस लागले.

झालं असं, की लेखापरीक्षणात शेरा आला: ‘संगणक प्रणाली अद्ययावत नाही.’ शेरा आला की पूर्तता करावी लागते, आणि पूर्तता म्हणजे ‘संगणक विभागाने कार्यवाही करावी’. मी सूचनांचं पान छापून घेतलं. कागद वाचावा म्हणून दोन्ही बाजूंनी छापलं आणि म्हणूनच मागची बाजू वाचायची राहिली. पुढच्या बाजूला लिहिलं होतं: एका वेळी एकच यंत्र घ्या, सेवा थांबवा, नवी आवृत्ती चढवा, सुरू करा. मागच्या बाजूला लिहिलं होतं की त्या यंत्राची तब्येत पूर्ण सुधारेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. तब्येत हा माझा शब्द नाही. ग्लस्टर खरंच ‘हील’ म्हणतो. मागं राहिलेलं यंत्र बाकीच्यांकडून राहिलेल्या नोंदी घेऊन बरं होतं. आमच्याकडे बाळंतीणसुद्धा सव्वा महिना आराम करते. मी मानोऱ्याला सव्वा मिनिट दिलं.

मे महिन्यातला शनिवार. संध्याकाळी सातला सगळे गेल्यावर मी घरी फोन केला, “दहा मिनिटात निघतो.” हिनं पलीकडून विचारलं, “जेवायला वाढू, की झाकून ठेवू?” सतरा वर्षांच्या संसारात तिला माझ्या दहा मिनिटांचा विनिमय दर पाठ झालेला आहे.

नवी आवृत्ती चढवून मानोरा उठलं, तर त्याच्या नावापुढे शेरा: ‘पीअर रिजेक्टेड (कनेक्टेड)’. म्हणजे जोडलेलं आहे, पण नाकारलेलं आहे. लग्नाची पत्रिका आली, मांडवात बसवलं आणि पंगतीत पान मात्र मांडलं नाही, तसा प्रकार. कारण असं, की तिन्ही यंत्रांकडे आपापसातल्या व्यवस्थेची एकेक प्रत असते आणि ती एकमेकांच्या प्रतींची बेरीज ताडून बघतात. मानोऱ्यानं नव्या आवृत्तीत आपली प्रत थोडी वेगळ्या वळणानं लिहिली. पुण्याला दोन वर्षं राहून आलेलं पोर घरी येऊन ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणतं आणि बाप विचारतो, हे कोणाचं? तेच झालं.

यावरचा अधिकृत उपाय मला दुसऱ्या दिवशी कळला, आणि तो फार सुंदर आहे. त्या यंत्राच्या कपाटातलं स्वतःचं ओळखपत्र तेवढं ठेवायचं, बाकी व्यवस्थेचे सगळे कागद फेकून द्यायचे आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणायचं, माझ्याकडे काही नाही, तुमचंच द्या. विनम्र यंत्राला शेजारी लगेच सामावून घेतात. पण शनिवारी रात्री मला हे माहीत नव्हतं. मला राजकारण माहीत होतं. मी विचार केला: मानोरा नवं, बाकी दोघं जुनी, म्हणून बहुमत जुन्यांचं. रिसोडलाही नवं केलं, की बहुमत आपलं. झेडपीत चालतं, इथं का चालणार नाही?

रविवारी दिवसभर वीज येऊन-जाऊन होती. सोमवारी सकाळी दहाला कार्यालय उघडलं तेव्हा मानोरा नाकारलेलं, रिसोड अर्धवट चढवलेलं आणि शुद्धीवर एकटं कारंजा. रोखपाल ताईंनी किर्द उघडली. उघडली, पण नोंद होईना.

“अहो, ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणते हे. म्हणजे काय?”

“शिळी झाली म्हणते फाइल.”

“शिळी कशी होईन? आता तर उघडली!”

त्यांचं मशीन बंद-चालू करून तो शेरा गेला, तर दुसरा आला. कारंजा लिहून घ्यायला तयार नव्हतं, कारण कोरम नव्हता. तिघांपैकी दोघं हजर असल्याशिवाय नोंद करायची नाही, असा या प्रणालीचा नियम आहे. मी जिन्यात उभा राहून वर व्यवस्थापकांना परिस्थिती सांगितली. आमचा जिना अरुंद आहे आणि माझा आवाज नाही.

“साहेब, मानोरा बसलंय! रिसोडचंही काही खरं नाही! सगळा भार एकट्या कारंज्यावर आहे!”

हे वाक्य ज्यांनी ऐकलं त्यांत दोन पिग्मी एजंट होते. दैनिक ठेव गोळा करणारा माणूस सकाळी अकरापर्यंत पाटणी चौक, बसस्थानक आणि बालाजी मंदिराचा परिसर असं सगळं पायाखाली घालतो. तीन यंत्रांवर एकच माहिती एकाच वेळी पोचवण्यासाठी जगातल्या हुशार लोकांनी हजारो ओळी लिहिल्या. आमच्या एजंटांनी ती चाळीस दुकानांत तासाभरात पोचवली, आणि सगळीकडे तंतोतंत एकसारखी.

तोवर वर व्यवस्थापक मला विचारत होते, “कोरम नाही म्हणजे काय? सभा हाय का ते?”

“तसंच समजा. दोघं आल्याशिवाय तिसरा सही करत नाही.”

“अर्धा तास झाला का?”

मला कळेना. मग प्रकाश पडला. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत खाली एक ओळ असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. या एका ओळीवर आमच्या संस्थेच्या आजवरच्या बहुतेक सभा पार पडल्या आहेत. पहिल्या सभेला कोणी येतच नाही. चहा दुसरीत असतो.

“दहालाच बंद पडलं म्हणता ना? आता साडेदहा झाले. घ्या उरकून!”

कायदा व्यवस्थापकांच्या बाजूनं होता. मी कोरमची अट बंद केली. ती बंद करण्याची आज्ञा एका ओळीची आहे. एक ओळ लिहून अख्खी व्यवस्था मोडता येते, हे ज्यांनी सोपं करून ठेवलं त्यांनी माझ्यासारखा माणूस पाहिलेला नसावा. कारंजा बिचारं मुकाट्यानं लिहू लागलं. अकराच्या सुमाराला रिसोडही उठलं, शहाण्यासारखं कामाला लागलं. मी चहा मागवला.

अकराला बाहेर गर्दी दिसली. मला वाटलं, पेरणीच्या कर्जाची असेल. पण लोकांच्या हातात अर्ज नव्हते, ठेवपावत्या होत्या. त्याच वेळी मानोरा शाखेतून फोन आला. तिथला शाखाधिकारी रडकुंडीला आला होता.

“भाऊ, आपली शाखा बुडाली म्हणते. मी शाखेतच बसलो हाय. मले काऊन नाही सांगितलं कोणी?”

मी त्याला म्हटलं, तुमचं मानोरा वेगळं, आमचं वेगळं. आमचं बसलंय, तुमचं उभं आहे. यानं त्याची खात्री पटली की आपण बुडालो.

रांगेत सर्वांत पुढे एक काका होते. धोतर, पांढरी टोपी, कापडी पिशवी. “माही पोरगी दिली हाय मानोऱ्यात. तिले फोन केला. ते म्हणते, बाबा, इथं तर सारं बरोबर हाय. म्हणजे पाहा, लोकायपासून किती लपवून ठेवलं!” काकांची ५०,००० ची ठेव होती. ताईंनी ती मोडून रोख दिली. काकांनी पैसे मोजले, पिशवीत टाकले आणि व्यवस्थापकांना चार शब्द सुनवायला जिना चढून वर गेले.

इथं कूलर येतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या कुठल्याही गोष्टीत तो आल्याशिवाय राहत नाही. गर्दी वाढली, खाली जीव गुदमरायला लागला, म्हणून शिपाईमामांनी कोपऱ्यातला कूलर जिन्याजवळ ओढला. तिथं प्लग एकच. त्यात एक ‘फालतू डबी’ लावलेली होती. हिरवे दिवे लुकलुकवण्यापलीकडे ती काही करत नव्हती. मामांनी ती काढली. ती डबी खालच्या आणि वरच्या मजल्याचं नेटवर्क जोडत होती.

खाली रिसोड होतं, वर कारंजा. खालच्या काउंटरना फक्त रिसोड दिसू लागलं, वरच्या टेबलांना फक्त कारंजा. कोरम असता तर दोन्ही मजले ‘दुसरा आल्याशिवाय लिहिणार नाही’ म्हणून अडून बसले असते. पण कोरम मी सकाळीच कायद्यानं उडवला होता. त्यामुळे कोणीच अडलं नाही. दोन्ही मजल्यांवर काम इतकं सुरळीत चाललं की अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “आता एकदम ओके आहे.” पुढचा दीड तास आमच्या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत कार्यक्षम दीड तास होता. फक्त तो दोनदा झाला.

मामांनी गर्दी ओसरल्यावर प्रामाणिकपणे डबी परत लावली. दोन्ही मजल्यांनी एकमेकांना पाहिलं, दोन्ही किर्दी समोरासमोर आल्या आणि पडद्यावर ‘इनपुट-आउटपुट एरर’ ही अक्षरं उमटली. या दुखण्याचं नाव ‘स्प्लिट ब्रेन’, म्हणजे एका डोक्यात दोन खरं.

मी पुण्याच्या मुलाला फोन लावला. तो कोणाच्या तरी हळदीत होता, मागे डीजे.

“काका, कोरम ऑफ केला? तुम्ही स्वतः?”

एरवी तो मला सर म्हणतो.

मग त्यानं डीजेपासून लांब जाऊन मला एक गोष्ट सांगितली. लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं, काही यंत्रं गैरहजर असतानाही बाकीच्यांनी एकमत कसं करावं, यावर एक निबंध लिहिला. तो त्यानं पॅक्सॉस या ग्रीक बेटावरच्या कल्पित संसदेची कथा करून लिहिला. तिथले सदस्य मनाला येईल तेव्हा सभागृहात येतात, मनाला येईल तेव्हा उठून जातात, आणि तरी कायद्याच्या वहीत भानगड होत नाही. निबंध त्यानं १९९० मध्ये पाठवला. तपासणाऱ्यांना ती ग्रीक कथा नको होती. तो छापून आला १९९८ मध्ये. मी ऐकत होतो आणि मला वाईट वाटत होतं. त्या माणसाला ग्रीसपर्यंत कल्पनेनं जावं लागलं. आमच्या संचालक मंडळाच्या एका बैठकीला बसला असता, तर नावंसुद्धा बदलावी लागली नसती.

आणि १९९८ म्हटल्यावर मला आपलाच जिल्हा आठवला. बासीम जिल्हा इंग्रजांनी १९०५ मध्ये मोडला आणि बहुतेक भाग अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा पुन्हा अकोल्यातून बाहेर आला. मोडलेलं परत जोडायला ९३ वर्षं. माझ्याकडे मंगळवार सकाळी दहापर्यंत वेळ होता.

‘स्प्लिट ब्रेन’ सोडवायला ग्लस्टर तीन मार्ग देतो. पहिला: जी फाइल मोठी ती खरी. दुसरा: जी शेवटी बदलली ती खरी. तिसरा: तुम्ही सांगाल त्या विटेवरची खरी. मी वाचून थक्क झालो. आमच्या गावात दोन भावांत धुऱ्याचं भांडण लागलं, की तिथंही हेच तीन पंथ असतात. एक म्हणतो, माझ्या कागदाचा गठ्ठा जाड आहे. दुसरा म्हणतो, माझा फेरफार नंतरचा आहे. तिसऱ्या पंथाचे लोक काहीच म्हणत नाहीत. ते आधी विचारतात, तलाठी कोणाचा आहे.

व्यवस्थापकांचं मत पडलं, वरची फाइल खरी धरा, कारण वर अधिकारी बसतात. ताई म्हणाल्या, खालची धरा, कारण खाली पैसे बसतात. शेवटी दोन्ही फायलींच्या प्रती काढून, एकेक व्हाउचर हातात घेऊन जुळवायचं ठरलं. रात्री दीडपर्यंत आम्ही चौघं बसलो होतो. नोंद क्रमांक मी वाचायचा, व्यवस्थापकांनी ‘हाय’ म्हणायचं, ताईंनी ‘नाही’ म्हणायचं.

अकराच्या सुमाराला ताईंनी टेबलाच्या खणातून शंभरपानी वही काढली. संगणक आल्या दिवसापासून त्या रोजचा व्यवहार गुपचूप त्या वहीत लिहीत होत्या.

“हे काय?”

“काही नाही. सवय.”

म्हणजे तीन प्रतींची ही महागडी व्यवस्था गेली काही वर्षं मुळात चार प्रतींची होती, आणि चौथीला निळं शाईपेन लागत होतं. मला थोडा राग आला. पण वाशीमची हवाच तशी आहे. इथं १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वाशीमचं तेव्हाचं नाव वत्सगुल्म. तिथून गाव दान दिल्याची ती नोंद. सोळाशे वर्षांनी वर काढली, तर वाचता आली. ‘शिळी झाली’ म्हणाली नाही. आणि आमच्या कारंज्यावरून जायची ती शकुंतला? मूर्तिजापूर–यवतमाळची ती छोटी गाडी १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत चालली. सत्तर वर्षांत त्या इंजिनाला कोणी अद्ययावत केलं नाही. म्हणूनच चाललं, असं मी म्हणणार नाही. मनात मात्र म्हणतो.

वही, व्हाउचरं आणि दोन फायली जुळवताना शेवटी फक्त ५० रुपयांचा फरक राहिला. तासभर शोधल्यावर मामा म्हणाले, “चहाचे असतीन. तुमीच तर मागवला होता, एकदम ओके झालं तवा.” तेवढे मी खिशातून भरले.

मोठा घोळ काकांचा निघाला. खालच्या फायलीत त्यांची ठेव मोडलेली होती, पैसे दिलेले. वरच्या फायलीत तीच ठेव वर्षभरासाठी पुन्हा ठेवलेली होती! काका तावातावानं वर गेले, व्यवस्थापकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, समजूत घातली. वरच्या पडद्यावर ठेव जिवंत दिसत होती, म्हणून नूतनीकरण करून नवी पावतीही हातात दिली. आता पैसे काकांच्या पिशवीत, आणि त्याच पैशांवर व्याज आमच्या माथी.

मंगळवारी त्यांना बोलावलं. ते आले. पिशवीतून नोटा आणि पावती दोन्ही काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या.

“काका, तुम्ही काही बोलले नाही काल?”

“म्या समजलो, तुमची नवी योजना हाय.”

नावं बदलण्यासाठी बुधवारी खास बैठक बोलावली. विषय एकच: ‘संगणकांचे नामांतर करणे व त्यास मंजुरी देणे’. ‘एक, दोन, तीन’ असा साधा प्रस्ताव मी मांडला, तर कारंज्याच्या संचालकांनी विचारलं, एक नंबर कोण? रिसोडचे संचालक म्हणाले, जो आजवर आहे तोच. मानोऱ्याचे संचालक म्हणाले, बदनामी आमची झाली, तेव्हा निदान एक नंबर तरी आम्हाले द्या. एवढ्यात दोघं उठून फोनवर बोलायला बाहेर गेले, कोरम गेला आणि सभा तहकूब झाली. अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी पुन्हा भरली, तेव्हा मी हात जोडून विनंती केली की हा एक विषय कोरम असतानाच घ्यावा. तो अजून प्रलंबित आहे. नावं तीच आहेत. जिन्यात ओरडायला मात्र मला मनाई आहे, लेखी.

मानोऱ्याला मी ओळखपत्र सोडून सगळं टाकायला लावलं, शेजाऱ्यांच्या दारात उभं केलं. पंगतीत पान मिळालं. मग राहिलेल्या नोंदी एकेक करून त्याच्याकडे जाऊ लागल्या. किती राहिल्या तो आकडा पडद्यावर उतरत जातो. तो शून्यावर येईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही, पानाची मागची बाजू दोनदा वाचली.

काकांची ठेव आता एकाच जागी आहे, म्हणजे तीन. ते दर महिन्याला व्याजाला येतात. खालच्या काउंटरवर सही करतात, मग जिन्याच्या तोंडाशी येऊन, आवाज खाली आणून मला विचारतात, “आता कसं हाय मानोरा?”

“बरं हाय, काका.”

“जेवते-खाते ना?”

“हो.”

“जपा त्याले. पोरगी नांदते तिकडं.”